'मी'ला चेहरा मिळतो तेव्हा

मागच्या दिवाळीत जालन्याला घरी गेलो होतो. लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि बाबांसोबत 'बनगरवाडी' पाहिला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी मी लहान असल्यापासून त्यांच्या कपाटात आहे. पुठ्ठा सुटलाय, मधली पानं दोऱ्यानं शिवलीत. सिनेमा मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. संपल्यावर विचारलं, कसा वाटला? म्हणाले, "चांगलाय. पण मास्तर परका वाटला. पुस्तकात मास्तर म्हणजे मीच होतो."

मला आधी वाटलं, हा वाचकांचा नेहमीचाच रुसवा. पुस्तकाची सर सिनेमाला नाही, वगैरे. पण पुण्याला परतताना बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कादंबरी 1955ची. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या छोट्याशा वाडीवर शाळा चालवायला जातो. हळूहळू गाव त्याला आपलं म्हणतं, त्याच्या पुढाकारानं तालीम उभी राहते, खुद्द राजेसाहेब येतात. मग दुष्काळ पडतो, वाडी रिकामी होते आणि शेवटी मास्तरही निघतो. अमोल पालेकरांनी त्यावर सिनेमा केला 1995 साली, म्हणजे चाळीस वर्षांनी.

पात्रं पडद्यावर नीट उतरली का, हे आपण सहसा कसं तपासतो? प्रसंग तेच आहेत का, कपडे, बोली, चेहरा जुळतो का. या परीक्षेत सिनेमा चांगल्या गुणांनी पास होतो. कारभारी झालेत चंद्रकांत मांढरे. 1952च्या 'छत्रपती शिवाजी'त प्रेक्षकांनी ज्यांना महाराजांच्या रूपात पाहिलं, तेच इथं म्हातारे धनगर होऊन बसलेत. त्या थकलेल्या चेहऱ्यावरचा जुना रुबाब कारभाऱ्याला फार शोभतो. मास्तर आहेत नाट्यदिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. 'जिगीषा' ही त्यांची नाट्यसंस्था औरंगाबादेत सुरू झाली. जालन्यापासून साठेक किलोमीटर, म्हणजे आमच्याकडचेच. त्यांच्या कामात खोट काढावी असं मला काही सापडलं नाही.

मग बाबांना मास्तर परका का वाटला?

माझ्या नोकरीत जुनी प्रणाली नव्या भाषेत लिहून काढायचं काम असतं. कधी कधी सगळ्या चाचण्या पास होतात आणि तरी रोज वापरणारा माणूस म्हणतो, "पहिल्यासारखं नाही वाटत." चूक कुठल्याच ओळीत नसते. ज्या गोष्टीची चाचणी आपण लिहिलेलीच नव्हती, ती हरवलेली असते. इथं हरवलाय तो 'मी'.

कादंबरी मास्तरच सांगतो. तो स्वतःकडे फार कमी पाहतो, त्याची नजर गावावर असते. त्यामुळे त्याच्या जागी रिकामी खुर्ची राहते आणि वाचक नकळत तिच्यात बसतो. बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः औताला खांदा देते, तो प्रसंग घ्या. पुस्तकात आपण तो मास्तरच्या डोळ्यांनी पाहतो. शिकलेला, गावाच्या भल्यासाठी धडपडणारा माणूस तिथं उभा आहे आणि त्याच्या हातात काही नाही. ती शरम आपल्याला आतून लागते. कॅमेरा असा प्रसंग दाखवतो तेव्हा चौकटीत ती बाई असते आणि पाहणारा मास्तरही असतो. मग आपल्याला बाईचं दुःख वाटतं आणि मास्तरचीही दया येते. दया मात्र दुसऱ्याचीच येते. खुर्चीत कुणीतरी बसलेलं असतं.

हे फक्त मराठीत घडतं असं नाही. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही 1960ची कादंबरी स्काउट नावाची मुलगी सांगते. 1962च्या सिनेमात मोठ्या झालेल्या स्काउटचं निवेदन आहे, तरी ऑस्कर मिळालं ते तिच्या वडिलांची भूमिका करणाऱ्या ग्रेगरी पेकना आणि लोकांच्या लक्षात राहिले तेच. सांगणारी बाजूला सरकली, दिसणारा मोठा झाला. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'चंही तसंच. पुस्तकभर जोशीच्या मनातली बडबड आपल्या कानात चालू असते. 2012च्या सिनेमातला जोशी गोड आहे, पण तो आपल्याला दिसतो. वाचताना आपणच जोशी असतो.

म्हणून निवेदकाच्या पात्राशी सिनेमा पुरता प्रामाणिक राहूच शकत नाही, असं मला वाटतं. दिग्दर्शक कितीही चांगला असला तरी 'मी'ला चेहरा दिला की तो 'तो' होतो.

मात्र इथवर येऊन थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

2012-13च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. बाबा तेव्हा एका वस्तीवरच्या शाळेत होते. दिवाळीनंतर मुलं आईबापांसोबत ऊसतोडीला गेली ती बरीचशी परतलीच नाहीत. बाबा रोज मोटारसायकलवर पाण्याचा कॅन बांधून जायचे, उरलेल्या चारपाच पोरांना शिकवायचे, संध्याकाळी येऊन गप्प बसायचे. मी शाळकरी होतो. त्यांच्या गप्प बसण्याचा मला राग यायचा.

सिनेमाच्या शेवटी रिकामी वाडी आणि एकटा मास्तर पाहिला तेव्हा मला तो बिलकुल परका वाटला नाही. तो बाहेरून दिसत होता, आणि बाबांना मी आयुष्यभर बाहेरूनच पाहत आलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा विचारलं, "बाबा, त्या वर्षी दिवसभर काय करायचात शाळेत?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हजेरी घ्यायचो. गेलेल्यांची नावंसुद्धा पुकारायचो."

पुस्तक कपाटातून काढून सोबत पुण्याला आणलंय. शिवलेली पानं जपून उलटावी लागतात.