चेंडू कठे शे?

खेळ पारखण्याची माझी कसोटी अगदी साधी आहे. ज्या खेळात प्रेक्षकाला चेंडूच दिसत नाही, त्या खेळाने टाळ्यांची अपेक्षा करू नये. क्रिकेटमध्ये चेंडू दिसत नाही तो फक्त त्रिफळा उडालेल्या फलंदाजाला. रग्बीत मात्र तो भल्याभल्यांना दिसत नाही. याला कारण स्क्रम.

आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला कबड्डी समजावून सांगावी लागत नाही. स्क्रम सांगावा लागतो. चेंडू हातून पुढे सांडला किंवा पुढच्या दिशेने फेकला, की अशा किरकोळ अपराधानंतर खेळ पुन्हा सुरू करण्याची ही रीत. दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांना घट्ट धरून वाकतात. पुढच्या रांगेत मधोमध हूकर आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रॉप, म्हणजे पडक्या भिंतीला लावतात तसले टेकू. बाकीचे पाच मागून रेटा देणारे. पंच तीन हुकूम सोडतो: वाका, धरा, भिडा! पूर्वी या दोन फळ्या अंतरावरून येऊन धडकत आणि मानेच्या मणक्यांवर बेतत असे. म्हणून २०१३ पासून आधी समोरच्याची जर्सी धरायची, मगच भिडायचे.

यानंतर स्क्रम-हाफ मधल्या बोळात चेंडू टाकतो. हूकर तो पायाने मागे ओढतो आणि हाच स्क्रम-हाफ पळत मागे जाऊन तो उचलतो. दिवाळीच्या गर्दीत बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आणि दाराशी चाललेल्या रेटारेटीत अंग न घालणारा गृहस्थ आठवा. तोच हा!

२०२३ च्या विश्वचषकातली दक्षिण आफ्रिका-इंग्लंड उपांत्य लढत मी धुळ्याला मामांकडे पाहिली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा. मामा जुने कबड्डीवाले. स्क्रम लागला, कोसळला, शिट्टी झाली. पुन्हा लागला, पुन्हा कोसळला. मामांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आरे, पन चेंडू कठे शे?"

माझ्या मते रग्बीवर याहून नेमकी टीका झालेली नाही. कारण स्क्रममध्ये चेंडू आता निमित्तमात्र उरला आहे. समोरच्या फळीला दाबून कोसळायला लावायचे, कोसळवणे हा गुन्हा, गुन्ह्याला पेनल्टी, आणि पेनल्टी खांबांमधून गेली की ३ गुण. त्या रात्री इंग्लंड १५-१३ असे पुढे होते. शेवटच्या काही मिनिटांत एका स्क्रमवर पेनल्टी मिळाली, हँड्रे पोलार्डने जवळजवळ अर्ध्या मैदानावरून चेंडू मारला आणि आफ्रिका १६-१५ ने जिंकली. कोण आधी कोसळलं, हे सोळा माणसांच्या त्या ढिगात पंचालाही पुष्कळदा अंदाजानेच ठरवावे लागते. कबड्डीत चढाईवाला पकडला जातो तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मग स्क्रम काढून टाकावा काय? छे! जाडजूड माणसाला मानाची जागा देणारे खेळ जगात आहेतच किती? शिवाय सोळा आडदांड गडी एका जागी गुंतले, की उरलेल्या मैदानात चपळ गड्यांना पळायला रान मोकळे होते. तेरा जणांच्या रग्बी लीगमध्ये स्क्रम केवळ उपचारापुरता उरला आहे आणि तिथे धिप्पाड प्रॉपलाही इतरांसारखंच धावावं लागतं.

रग्बीच्या कारभाऱ्यांनाही थोडी जाग आलेली दिसते. जुलै २०२४ पासून फ्री-किकच्या बदल्यात स्क्रम मागता येत नाही. माझी सूचना एवढीच, की आणखी एक पाऊल टाका. मुद्दाम केलेल्या धोकादायक खोडीला पेनल्टी जरूर ठेवा; पण नुसता रेट्यात हरला, त्याच्याकडून चेंडू घ्या, गुण घेऊ नका. चेंडू सांडल्यावरून सुरू झालेले भांडण चेंडू मिळाल्यावर मिटावे, हे बरे.