चाळीस की शंभर?

शालेय पुस्तकांतला इन्शुलिनचा पाठ आम्हांला अपुरा वाटतो. बँटिंग-बेस्ट, १९२१, स्वादुपिंड, सारे येते. सिरिंज येत नाही. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात: दर मिलिलिटरला ४० एकके आणि १०० एकके. सिरिंजाही त्याप्रमाणे वेगळ्या. आता १०० च्या कुपीतले इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर ते अर्धा मिलिलिटर होते. म्हणजे शरीरात गेली ५० एकके, अडीचपट! साखर इतकी उतरते की जिवावर बेतावे. उलट अदलाबदलीत जातात जेमतेम ८. गुणोत्तराचे याहून निकडीचे उदाहरण कोणते? (आमचे हौदाचे नळ मात्र अजून वाहताहेतच.) लाल टोपण ४० चे, नारिंगी १०० चे, तरीही कुपीवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी ताडून पाहायला शिकवावे. आजीला सुई टोचून शाळेत येणारे एखादे मूल वर्गात असतेच.