परीक्षा कोणाची?

निकाल हातीं येतांच घरोघरीं पहिला प्रश्न निघतो तो 'किती गुण?' हाच, 'काय आलें आणि काय अडलें?' असें विचारणारा विरळा. या दुसऱ्या प्रश्नास शिक्षणांत योग्य स्थान मिळावें म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम या अध्यापकांनीं १९९८ सालीं 'इनसाइड द ब्लॅक बॉक्स' ही छोटेखानी पुस्तिका लिहिली. काळ्या पेटींत एका बाजूनें पैसा, नियम व कसोट्या घालाव्या आणि दुसऱ्या बाजूनें उत्तम निकालाची वाट पाहावी, पण पेटींत, म्हणजे वर्गांत, काय चालतें हें पाहूं नये, या रीतीवर तिचा रोख आहे.

सुमारें २५० निबंध व प्रकरणें तपासून ग्रंथकारांनीं असा निष्कर्ष काढिला कीं, मुलाचें कोठें अडतें हें शिकवितांनाच हेरून शिक्षकानें आपलें शिकविणें बदललें, तर मुलांस, विशेषतः मागें पडणाऱ्यांस, मोठा लाभ होतो. ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहिणारा मुलगा निष्काळजीच असतो असें नव्हे. पुष्कळदां तो प्रत्येक घरांत मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करीत असतो. शून्य गुणानें त्याला हें कळत नाहीं. 'दोनांतून सात कसे गेले?' या एका प्रश्नानें कळतें. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगांत नुसता अभिप्राय मिळालेल्या मुलांचें काम सुधारलें. अभिप्रायाशेजारीं गुण मांडतांच तो लाभ दिसेनासा झाला.

पुस्तिकेचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. लाभाचें जें माप तींत दिलें आहे, तें परस्परांहून फार भिन्न अशा प्रयोगांतून काढलेलें आहे. रँडी बेनेट यांनीं २०११ सालीं त्यावर घेतलेला आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. परंतु माप सदोष म्हणून धान्य खोटें ठरत नाहीं.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा पुरस्कार केला, आणि २०१० पासून महाराष्ट्रांत 'आकारिक' व 'संकलित' हे शब्द शिक्षकांच्या तोंडीं बसले. पण आकारिक मूल्यमापनाचेही गुण होऊन श्रेणींत मिळाले. मुलाला वाट दाखविण्यासाठीं असलेली नोंद तपासनिसाला दाखविण्यासाठीं लिहिली जाऊं लागली. पुढें २०१७ सालीं केंद्रीय मंडळानें आपली तशी योजना गुंडाळली, आणि २०२३ सालीं महाराष्ट्रानें पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हां आणली. औषध पोटांत गेलेंच नाहीं. बाटलीवरची चिठ्ठी तेवढी वाचली गेली, आणि गुण आला नाहीं म्हणून दोष औषधास लागला! साठ मुलांचा वर्ग आणि नोंदवह्यांचे भारे ज्याच्या माथीं, त्या शिक्षकास मुलाच्या चुकीपाशीं क्षणभर थांबण्याची सवड कोणी दिली?

म्हणून ही पुस्तिका शिक्षकांनीं तर वाचावीच. पण शिक्षकांच्या वेळेचा हिशेब ज्यांच्या हातीं आहे, त्यांनीं ती आधीं वाचावी, अशी आमची शिफारस आहे.