मायन्याच्या जागी जोडलेले हात

गेली पंधरा-सोळा वर्षे मी जुनी कौटुंबिक पत्रे जमवतो आहे. डोंबिवली-कल्याणमधल्या जुन्या इमारती पाडायला घेतल्या, तसे माळ्यावरचे पत्र्याचे डबे खाली आले आणि त्यांतली पोस्टकार्डे, अंतर्देशीय पत्रे रद्दीच्या काट्यावर गेली. ती मी किलोच्या भावाने घेतली. हे काम मला कुठल्या विद्यापीठाने सांगितलेले नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळता सांभाळता ते केले. अडलो की ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसलो. इमोजींवर लिहायचा माझा अधिकार म्हणाल तर तो असा, की पोस्टकार्डांच्या पहिल्या ओळी मी जितक्या बारकाईने वाचल्या, तितक्याच बारकाईने आता व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप वाचतो.

इमोजींबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हेने बोलले जाते. भाषा संपली, माणूस पुन्हा चित्रलिपीकडे निघाला, अशी एक हळहळ; आणि साऱ्या जगाला समजणारी भाषा अखेर सापडली, असा दुसरा हर्ष. दोन्ही पक्ष इमोजीला भाषा समजतात. 'काल आलोच असतो, पण गाडी चुकली' हे नुसत्या चित्रांनी सांगून पाहावे. ना काळ, ना विभक्ती, ना संकेतार्थ. जपानमध्ये एनटीटी डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये १७६ चित्रांचा संच केला, प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांचे. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर थोड्या जागेत माहिती बसावी, हा त्यामागचा व्यवहार होता. २०१० मध्ये युनिकोडने इमोजींना आपल्या तक्त्यात घेतले आणि ती जगभरच्या फोनांत शिरली. परकी चिन्हे घेणे आपल्याला नवे नाही. मोडीच्या सलग ओळीत विरामचिन्हे नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून आली, आणि आज उद्गारचिन्ह कोणाला परके वाटत नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ही चित्रे मराठी लिहिण्यात कोणाच्या जागेवर येऊन बसली?

माझे उत्तर आहे: मायन्याच्या.

शाळेत पत्रलेखन शिकलेल्यांना मायना म्हणजे गुण कापायची जागा एवढेच आठवत असेल. माझ्या गठ्ठ्यांतली पत्रे वाचताना तो किती काम करत होता ते कळते. जन्मदात्यांना 'तीर्थरूप', त्यांच्या मानाच्या इतरांना 'तीर्थस्वरूप'. वडीलधाऱ्यांना शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्यांना अनेक उत्तम आशीर्वाद, बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.'. शेवटी मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा आणि 'लोभ असावा ही विनंती'. मजकुराचे पहिले अक्षर उमटण्याआधी लिहिणाऱ्याला ठरवावे लागे, की समोरचा माझा कोण आणि मी त्याचा कोण. कित्येक कार्डांत मायना आणि शेवट वगळला तर 'सर्व क्षेम' याखेरीज मजकूरच नाही. माझ्या मते तेच ते पत्र होते. नाते अजून आहे, एवढे कळवण्यासाठी ते टाकलेले होते.

हा मायना इमोजींनी मारला, असे म्हणणे कालक्रमाला धरून नाही. एसटीडी बूथ आले तेव्हाच तो आजारी पडला आणि एसएमएसच्या काळात गेला. त्याहीआधी तारखात्याने शुभेच्छांना क्रमांक दिले होते, हे पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल. ठरावीक वाक्यांची छापील यादी असे. आपण फक्त आकडा लिहायचा, पलीकडच्या तारघरात त्याचे वाक्य होई. दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक एक होता, दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छांचा आठ. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. तयार भावना यादीतून निवडून पाठवायची सवय मात्र आपल्याला मोबाइलच्या पुष्कळ आधी लागलेली होती.

तेव्हा मायन्याची जागा रिकामीच पडली होती, आणि तिथे जोडलेले हात आले. युनिकोडमध्ये या चिन्हाचे नाव 'हात जोडलेली व्यक्ती' असे आहे. चित्रात व्यक्ती नाही, फक्त हात. जपानी रीतीत असे हात जोडणे म्हणजे विनवणी किंवा माफी. पश्चिमेकडे कोणी त्यात प्रार्थना पाहते, तर कोणी दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी. आपण त्यात नमस्कार पाहिला आणि मग सगळेच त्यात भरले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या पाणी येणार नाही' या सूचनेखाली जोडलेले हात येतात, वाढदिवसाच्या आभारांत येतात, निधनाच्या बातमीखाली येतात. पार्किंगवरून जुंपते तेव्हाही कोणीतरी 'आता पुरे' म्हणत तेच हात टाकतो. तो नमस्कार कोपरापासून जोडलेल्या हातांचा असतो, पण चित्रात कोपर दिसत नाही. मे २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने निरोपावर बोट दाबून प्रतिसाद देण्याची सोय सुरू केली, तेव्हा दिलेल्या सहा चिन्हांत जोडलेले हात होते. मग टाइप करण्याचेही कारण उरले नाही.

माझा दुसरा ग्रुप सकाळच्या लोकलचा. तिथे हात जवळजवळ नाहीतच, सगळा कारभार अंगठ्यावर. गाडी पकडली, अंगठा. उद्या रजा, त्यावर अंगठा. ज्या भाषेत अंगठा दाखवणे म्हणजे फसवणे आणि अंगठा उठवणे म्हणजे सही न येणे, तिथे तो इतक्या सहज होकार झाला याची मला मौज वाटते. कॅनडातल्या एका न्यायालयाने तर २०२३ मध्ये जवसाच्या सौद्यात असा अंगठा सहीच्या बरोबरीचा धरला. पण लोकलच्या ग्रुपला मायना कधी लागतच नव्हता. चिन्हाने तिथे काही घेतले नाही. घेतले ते नात्याच्या जागी.

वडील गेले त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर हातांची रांग लागली. तेव्हा लक्षात आले आणि नंतर इतरांच्या वेळीही पाहिले, की पहिल्या माणसाने दोन ओळी लिहिल्या तर पुढचे चार-पाच जण लिहितात. पहिल्याने नुसते हात जोडले की शेवटपर्यंत हातच. वडिलांच्या वेळी एकाच शेजाऱ्याने लिहिले, की गच्चीवरची टाकी भरल्याचा आवाज आला की तुमचे वडील सगळ्यांच्या आधी मोटार बंद करायला धावायचे. तेवढेच वाक्य आईने मला पुन्हा वाचायला लावले. बाकीचे हात खोटे नव्हते. पण ते कोणाचे आणि कोणासाठी, हे त्यांत नव्हते.

इथवर माझा लेख हळहळणाऱ्यांच्या बाजूने झुकला आहे. पण त्याच पंधरवड्यात गावाकडून एका वयस्कर नातेवाइकांचे सांत्वनपत्र आले. दोन्ही बाजूंनी भरलेले, वळणदार अक्षरातले, माझ्या संग्रहातल्या कुठल्याही पत्राच्या तोडीचे. पाकिटावर आईच्या नावाआधी 'गं. भा.' होते. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत तिथे 'सौ.' असे. आईने पत्र वाचले, पाकीट पालथे घालून ठेवले आणि म्हणाली, "लगेच बदललं."

मायना नाते सांगे, तसाच बाईचा नवरा जिवंत आहे की नाही हेही पोस्टमनपासून सगळ्यांना सांगे. पुरुषाच्या नावात बायको गेल्याने एक अक्षरही बदलत नसे. आपण मायन्याबद्दल हळवे होतो तेव्हा हे विसरतो. मीही विसरलो होतो. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याच्या प्रस्तावावर चर्चा करावी, असे आपल्या विभागाला कळवले. त्यावर गदारोळ झाला आणि असा कुठलाही निर्णय झालेला नाही, असा खुलासा आला. शब्द मानाचाच होता. पण नावाआधी काहीतरी लागलेच पाहिजे, ही खोड मायन्याचीच. आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मात्र वडिलांच्या आधी आणि नंतर तिला येणारे हात तेच राहिले. तिने ते मला मुद्दाम दाखवले नाहीत. मीच मागे जाऊन पाहिले.

आईने अलीकडे आपले नियम बांधायला घेतले आहेत. वयाने मोठ्यांना ती जोडलेले हात पाठवते, बरोबरीच्या बायकांना फूल. धाकट्यांना मात्र हात जोडत नाही. "आपण लहानांना नमस्कार करतो का?" मग तिने शोधून उघडा पंजा काढला. नातवाचा निकाल लागला तेव्हा तिने त्याला तो एकटाच पाठवला. त्याने मला फोन करून विचारले, "काका, आजी मला थांब का म्हणतेय?"

मी सांगितले, तो आशीर्वाद आहे. त्यावर त्याने आजीला जोडलेले हात पाठवले.