रहस्यकथाकारांचा संसार आणि रे रोडचा वाचक

मराठींतील रहस्यकथाकारांविषयीं बोलावयाचें झालें म्हणजे आमच्या टीकाकारांस प्रथम आठवतो तो आंकडा. बाबूराव अर्नाळकर यांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईक यांनींही हजाराचा पल्ला ओलांडला, एवढें सांगितलें कीं विषय आटोपतो. आंकडा उच्चारतांना स्वरांत थोडें कौतुक असतें आणि पुष्कळसा उपहास असतो. गिरणींतून निघालेल्या ताग्यांची मोजदाद करावी तशीच ही मोजदाद. परंतु एका मनुष्यानें हजार पुस्तकें कां लिहिलीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रतिभेच्या नुसत्या उमाळ्यानें हजार पुस्तकें होत नसतात. तीं लिहावीं लागतात. कोणत्या व्यवहारामुळें तीं लिहावीं लागलीं हें पाहिल्यावांचून त्यांच्या गुणदोषांचा निवाडा करणें म्हणजे खतावणीची एकच बाजू वाचून दुकानदारास दिवाळखोर ठरविण्यासारखें आहे. या लेखांत आम्हांस दुसरी बाजू वाचावयाची आहे. ती वाचल्यानें पुस्तकें चांगलीं ठरतील असा मात्र आमचा दावा नाहीं.

अर्नाळकर हें टोपणनांव. मूळचे ते चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, मृत्यु १९९६ चा. लोकमान्य मंडालेस जाण्यापूर्वीं जन्मलेला हा गृहस्थ घरोघर परदेशी दूरचित्रवाहिन्या येईपर्यंत हयात होता. मुंबईंत त्यांचें चष्म्यांचें दुकान होतें. दिवसा लोकांच्या डोळ्यांस भिंगें लावून द्यावयाचीं आणि रात्रीं त्याच डोळ्यांस जाग्रण घडवावयाचें, असा हा दुहेरी उद्योग होता म्हणावयाचा! त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू हे नायक मध्यमवर्गीयांच्या घरांत पाठ्यपुस्तकाच्या आड लपून शिरले. आमच्या वाचकांपैकीं ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांनीं आपल्या स्मरणास विचारून पाहावें.

त्यांच्यापूर्वीं या वाटेनें कोणी गेलेंच नव्हतें असें नाहीं. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनीं 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्यांतून भुयारें, गुप्त पत्रें आणि सूड यांचा संसार मराठींत थाटला होता. त्यांचें वळण इंग्रजींतील रेनॉल्ड्सचें. या रेनॉल्ड्सनें १८४४ पासून लंडनच्या रहस्यांची कादंबरी आठवड्यास एक पेनी दरानें हप्त्याहप्त्यानें विकली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण दातारशास्त्र्यांच्या हातीं त्याच्या कथानकांचें वळण आलें, आणि पुढच्या पिढीच्या नशिबीं त्याची विक्रीची तऱ्हा आली. स्वस्त कागद, ठराविक पानें, ठराविक वार, आणि पुढचा हप्ता चुकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं.

ही तऱ्हा मुंबई-पुण्यांत कशी चाले? एक हस्तलिखित, एक रक्कम, आणि पुढील सर्व हक्क प्रकाशकाचे, हा या धंद्यांतील सर्वसाधारण रिवाज. पुस्तक विकत घेणारा वाचक थोडा. खाजगी वाचनालयांतून दिवसाच्या भाड्यानें नेणारा फार. लालबाग-परळच्या चाळींतून एक प्रत संध्याकाळीं एका खोलींत शिरली कीं दुसऱ्या पाळीवरून परतणारा भाऊ ती वाची, मग शेजारची खोली, मग वरचा मजला. आणि सकाळीं भाडें मात्र एकाच दिवसाचें. या पन्नास वाचकांपैकीं एकाचाही पैसा लेखकाच्या घरीं जात नसे. म्हणजे ज्याचें पुस्तक हजारों लोक वाचीत त्याची प्राप्ति वाढण्यास मार्ग एकच: आणखी एक हस्तलिखित. वाचक वाढले म्हणून लेखकाचे श्रम कमी झाले असें या धंद्यांत घडतच नसे. उलट वाचनालयवाला नवें मागे म्हणून श्रमच वाढत.

याचे परिणाम गद्यांत उतरले आहेत व ते कोणासही पाहतां येतात. या कथांचा आरंभ बहुधा चांगला असतो. पहिल्या पांच पानांत प्रेत, दूरध्वनीवरील धमकी किंवा मध्यरात्रीं थांबलेली मोटार आपणांस घट्ट धरून ठेवते. मधलीं पानें संवादांनीं फुगविलेलीं असतात, कारण "कोण?" "मी." "मी म्हणजे कोण?" अशा तीन उद्गारांच्या तीन ओळी होतात आणि पान लवकर भरतें. आणि शेवट! पृष्ठसंख्या आधींच ठरलेली, छपाई फॉर्मच्या हिशेबानें चालणारी, आणि सोळा पानांचा फॉर्म अर्धा टाकून भागत नाहीं. त्यामुळें दीडशें पानें मौन पाळणारा खुनी शेवटच्या दोन पानांत आपण होऊन सर्व कबूल करून मोकळा होतो. आमचे टीकाकार यास रचनादोष म्हणतात, आणि तो आहेच. परंतु त्या दोषाचा अर्धा धनी छापखाना आहे.

कांहीं वर्षांमागें रे रोडच्या पुलानजीक एका रद्दीवाल्याकडे आम्हांस अशा पुस्तकांचा एक गठ्ठा दिसला. तो वजनावर विकावयाचा होता. प्रत्येक पुस्तकावर कोणत्या ना कोणत्या वाचनालयाचा जांभळा शिक्का होता; कांहींच्या पाठी सुतळीनें शिवलेल्या, कांहींचा शेवटचा फॉर्म गळालेला. एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कोणी दुष्टानें पेन्सिलीनें खुन्याचें नांव लिहून ठेवलें होतें, आणि दुसऱ्या कोणी सज्जनानें तें खोडून पुढील वाचकाची सोय केली होती. ज्या पुस्तकावर इतक्या हातांचे घाम आणि इतक्या मनांचे राग-लोभ उमटले आहेत तें पुस्तक वाङ्मयाच्या बाहेरचें कसें, हा प्रश्न आम्हांस त्या दिवशीं पडला. अभिजात म्हणून शिफारस केलेल्या कित्येक ग्रंथांचीं पानें ग्रंथालयांत आजही कापावयाचीं राहिलीं आहेत!

पण तो गठ्ठा घेऊन आल्यावर, आणि त्यांतील बराचसा वाचून झाल्यावर, आम्हांस एक गोष्ट अधिक खटकली. ज्या वस्तींत तीं पुस्तकें वाचलीं गेलीं ती वस्ती त्या पुस्तकांत जवळजवळ नव्हती.

रे रोडचाच विचार करावा. १८८५ ते १८९० या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचें नांव या रस्त्यास मिळालें. स्थानक १९१० च्या डिसेंबरांत सुरू झालें. त्या वेळीं कुर्ल्याहून येणारी गाडी तेथेंच संपत असे, आणि १९२५ सालीं हा मार्ग बोरीबंदरास जोडला जाऊन त्यावर विजेची गाडी धावूं लागली. रुळांच्या पूर्वेस बंदराच्या मालकीची जमीन: लकडी बंदर, कोळसा बंदर, गवताच्या गंज्यांचें हे बंदर, ओळीनें वखारी, आणि शब्दार्थानें दारूगोळ्याचें कोठार असलेला तो दारूखाना, जेथें मोडीत निघालेलीं जहाजें तोडण्याचा धंदा चालत आला. पश्चिमेस घोडपदेव, आणि त्यापलीकडे गिरण्यांचा मुलूख. रात्रीं ओहोटीच्या चिखलांत रुतलेली गलबतें, कुलपें लावलेल्या वखारी, परगांवचे खलाशी, चोरटा माल, हजेरीपटावर नांव नसलेला मजूर; रहस्यकथेस आणखी काय हवें? कथालेखकानें येथें एक महिना पायपीट केली असती तर त्यास विलायती कथानकाची उसनवारी करण्याचें कारण उरलें नसतें. परंतु आमच्या गठ्ठ्यांतील बहुतेक नायक बंगल्याच्या दिवाणखान्यांत सिगारेट पेटवितात, पिस्तुल रोखून सभ्यपणें बोलतात, आणि भरधांव मोटारींतून ज्या शहरांत फिरतात त्याचें नांव मुंबई असलें तरी तेथील धुकें लंडनचें असतें. काळा पहाड हा दुष्ट धनिकांस लुबाडणारा साहसी. पण तो ज्यांना लुबाडतो त्यांच्या पैशाचा उगम कोणत्या वखारींत, कोणत्या गिरणींत आहे याची त्यास फारशी चौकशी नसते. चौकशीस वेळ लागतो, आणि वेळ तर लेखकानें आधींच विकलेला!

येथें शरदिंदु बंद्योपाध्याय यांचें उदाहरण आम्हांस फार बोलकें वाटतें. त्यांचा ब्योमकेश १९३२ सालीं बंगालींत अवतरला. 'सत्यान्वेषी' या कथेंत तो कलकत्त्याच्या एका मेसमध्यें राहून कोकेनच्या चोरट्या व्यापाराचा छडा लावतो. ती मेस, ती गल्ली, तेथील डॉक्टर हे सर्व त्या शहरांतलेच. १९३६ नंतर शरदिंदूंनीं ब्योमकेशास सुमारें पंधरा वर्षें बाजूस ठेवलें, आणि या अवधींतील बराच काळ ते होते कोठें? आमच्याच मुंबईंत! १९३८ सालीं ते बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांच्या कथा लिहिण्यास येथें आले, पुढें पुण्यास स्थायिक झाले, आणि १९५१ पासून पुन्हा ब्योमकेशाकडे वळले. जन्मभरांत त्यांनीं ब्योमकेशाच्या अवघ्या तेहतीस कथा लिहिल्या, त्यांतलीही शेवटची अपुरी. एकाच शहरांत एका भाषेचा रहस्यकथाकार पगार मिळत होता म्हणून गुप्तहेरास विश्रांति देऊं शकला, आणि दुसऱ्या भाषेचा आपल्या झुंजारास एक महिनाही घरीं बसवूं शकला नाहीं. दोघांच्या बुद्धींत तीस आणि हजार इतकें अंतर होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

कॉनन डॉइलचीही गोष्ट अशीच. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी त्यानें १८८६ सालीं अवघ्या पंचवीस पौंडांस सर्व हक्कांसह विकली. मराठी लेखकानें हळहळूं नये, विलायतेंतही आरंभ असाच असे. पण पुढें होम्सच्या कथांस मासिकांतून असा मोबदला मिळूं लागला कीं १८९३ सालीं त्यास आपला नायक कंटाळून दरींत लोटून देतां आला, आणि दहा वर्षांनीं मनास वाटेल तेव्हां परत आणतां आला. नायकास मारण्याचा अधिकार हा लेखकाच्या स्वातंत्र्याचा कस आहे. ज्या मालेच्या मुखपृष्ठावर मालेचें नांव लेखकाच्या नांवाहून ठळक छापलें जातें, त्या मालेंतील नायकास लेखक मारूं शकत नाहीं. गुरुनाथ नाईक यांच्या 'गरुड', 'शिलेदार', 'गोलंदाज' या माला ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस आमचें म्हणणें पटेल. नाईक २०२१ सालीं वारले, तेव्हां वृत्तपत्रांनीं पुन्हा तो आंकडाच छापला.

या कोंडींतून बाहेर पडलेला एक लेखक आमच्या पाहण्यांत आहे. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनींही बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन असे नायक घेऊन आरंभ केला. भाषा चटपटीत, संवाद खटकेबाज, आणि पात्रांवर प्रेम खरें. पुढें ते सामाजिक कादंबरीकडे वळले आणि १९८२ सालीं 'दुनियादारी' आली. पुण्याचे कट्टे, महाविद्यालयांतील मुलें, त्यांची मैत्री आणि वंचना. म्हणजे लेखक अखेर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या गांवांत आला. संवादाची जी सफाई तेथें दिसते ती कोठें कमावली होती, हें त्या कादंबरीवर प्रेम करणाऱ्या कितीजणांनीं विचारलें? रहस्यकथेच्या तालमींत ती कमावलेली होती. त्याच वर्षीं, १८ जानेवारीस, मुंबईंत गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसें कामाबाहेर गेलीं, आणि बहुतेकांची नोकरी परत आली नाहीं. दूरचित्रवाणीनें वाचक नेला असें म्हणण्याचा प्रघात आहे व त्यांत तथ्यही आहे. परंतु लालबाग-परळचा जो वाचक चार आणे भाड्यानें पुस्तक नेई, त्याच्या खिशांतले चार आणेच आधीं गेले होते.

अर्नाळकरांचें ऋण आम्ही केवळ वाचनाच्या गोडीपुरतें मानीत नाहीं. त्यांचें गद्य साधें, वेगवान व अलंकारांपासून मुक्त आहे. ज्या काळांत आमचे प्रतिष्ठित कादंबरीकार नायिकेच्या पदराच्या वर्णनांत पान खर्चीत होते, त्या काळांत त्यांनीं वाक्यास धांवावयास शिकविलें. हें सोदाहरण दाखविणारा एखादा प्रबंध व्हावा अशी आमची फार इच्छा आहे. पण उदाहरणें आणावयाचीं कोठून? जीं उपलब्ध आहेत तीं मूळच्या ढिगांतील मूठभर. छापलेल्या पुस्तकाच्या प्रती ठराविक ग्रंथालयांकडे धाडण्याचें बंधन १९५४ च्या कायद्यानें प्रकाशकावर आहे, परंतु ज्याचा माल महिन्याभरांत खपून दुसरा यावयाचा तो प्रकाशक टपालखर्चाची फिकीर कशाला करतो! शिवाय हक्कांचा गुंता. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें हक्क चालतो, म्हणजे अर्नाळकरांचीं पुस्तकें २०५६ सालच्या अखेरीपर्यंत मोकळीं होणार नाहींत. आणि तोंवर तीं छापूं इच्छिणाऱ्यानें, हक्क विकत घेतलेला पण केव्हांच दुकान बंद केलेला प्रकाशक किंवा त्याचे वारस, शोधीत हिंडावें. झुंजारासही सांपडणार नाहीं असा हा माग आहे. निदान एक यादी तरी आतां व्हावी: पुस्तकाचें नांव, वर्ष, प्रकाशक, छापखाना, किंमत, आणि प्रत कोणाकडे आहे तें. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर अशीं पुस्तकें पडलीं असतील तर शेवटचा फॉर्म शाबूत आहे कीं नाहीं तेवढें पाहून ठेवावें, आणि रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या एखाद्या ग्रंथालयांत चौकशी करावी.