गल्लीतल्या फुटबॉलचं परदेशी अंगण

परदेशात जपलेल्या कलांविषयीच्या या स्मरणिकेत नाटक, भजन, ढोलताशा यांवर लेख येतीलच. नागपूरच्या रामदासपेठेतून मी मात्र एका खेळाबद्दल लिहिते आहे. अरुंद बोळात, दोन दगडांच्या गोलपोस्टसमोर, अंगावर आलेल्या दोघांना चकवून चेंडू काढून नेणं ही माझ्या लेखी कलाच. ती नागपूरच्या वस्त्यांतल्या पोट्ट्यांच्या पायांत होती. तिला जगाचं मैदान मिळालं ते परदेशात.

२००१ च्या पावसाळ्यात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुलं दिसली. सरांनी त्यांना चेंडू दिला आणि पुढे वस्त्यांची स्पर्धाच भरवली. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असं सरळ नाव दिलं. आज देशभर ते ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखलं जातं.

याच मैदानातून अखिलेश पॉल घडला. गुन्हेगारीत अडकून पोलिसांपासून लपत फिरण्याच्या काळात आपल्याला फुटबॉल भेटला, हे त्याने ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात सगळ्या देशासमोर सांगितलं. असं सांगायला मैदानावरच्यापेक्षा मोठी हिंमत लागते. २०१० मध्ये रिओ दि जानेरोला झालेल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये तो भारताचा कर्णधार होता.

बेघर आणि वंचित खेळाडूंची ही स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. एका बाजूला चारच खेळाडू, मैदान जेमतेम २२ मीटर लांब नि १६ मीटर रुंद, सात-सात मिनिटांचे दोन डाव. म्हणजे आपल्या गल्लीचाच खेळ! मोठ्या मैदानावर दमसास कामी येतो, इथे पायांची चलाखी. गल्लीतल्या फुटबॉलची ही रीत मोठ्या स्पर्धांत हरवत चालली असताना तिला मानानं जागा दिली ती या परदेशी स्पर्धेनं.

या स्पर्धेचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. अखिलेशची खेळाडू म्हणून तिथली कारकीर्द त्या एका स्पर्धेपुरतीच. त्यानंतर करायचं काय, याचं उत्तर त्याने नागपूरला परत येऊन दिलं. तो प्रशिक्षक झाला, आपल्यासारख्याच मुलांना शिकवू लागला. त्याची खरी कारकीर्द मी हीच मानते.

आणि बारसे सरांचं घर! पत्नी रंजनाताई पहिल्यापासून कामात. मुलगा अभिजीत अमेरिकेत होता. तोही परतून वडिलांच्या कामात उतरला. आमच्या रामदासपेठेत मुलं परदेशी असलेली घरं कितीतरी आहेत, त्यामुळे या परतण्याचं मोल आम्हाला नीट कळतं. पुढे मुलींचे संघ उभे राहिले, मूकबधिर मुलांसाठी फुटबॉल आला, चेंडूच्या खेळातून गणित-इंग्रजी शिकवणं सुरू झालं. २०१६ मध्ये फिफाने ‘स्लम सॉकर’ संस्थेला विविधता पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे बारसे सर घरोघरी पोहोचले. अमिताभ बच्चन सगळ्यांच्या लक्षात राहिले; मला त्यात नागपूरची पोरं अधिक भावली.

कोपनहेगन, मेलबर्न, पॅरिस, ग्लासगो, सॅक्रामेंटो अशा शहरांत ही स्पर्धा होऊन गेली आहे. पुढे कधी तुमच्या गावी आली, तर तुमच्या मराठी मंडळाच्या सगळ्यांनी जा. मुलाबाळांना न्या. भारताचा संघ उतरला की मराठीतून मोठ्याने ओरडा. कुणीतरी नागपूरचं असेल, तर वळून बघेलच.