घरातला निरोप्या

हिंगोलीच्या दसऱ्याचे पाळणे मैदानावरून उतरले, की आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीचे वारे वाहू लागते. गेल्या वर्षी सुट्टीची सूचना वाचून दाखविली तेव्हा सारा वर्ग आनंदाने ओरडला. एक मुलगा मात्र तास संपल्यावर जवळ आला व हळूच म्हणाला, "सर, मधी एखांदा दिवस शाळा उघडणार न्हाई का?"

पुढे कळले, की त्याचे आईबाप एकाच छपराखाली राहतात, परंतु कित्येक महिने परस्परांशी बोललेले नाहीत. "तुझ्या बापाला सांग, दळण आणायचंय." "तुझ्या मायला सांग, मला जेवायचं न्हाई." असे निरोप हा अकरा वर्षांचा पोर दिवसभर नेतो-आणतो. शाळेत तेवढा तो निरोप्या नसतो. नुसता मुलगा असतो.

कादंबरी लिहिणाऱ्याला घरातले भांडण म्हणजे आयते भांडवल. माझ्याही कादंबऱ्यांत भांडणारे दोघे उजेडात आणि मूल दाराआड, अशीच मांडणी आजवर होत आली. या मुलाने मला दाराआडून पाहायला लावले. मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. तरी त्या शास्त्राने काय शोधले आहे ते मिळेल तेवढे वाचले, आणि मग दोन जुनी मराठी पुस्तके पुन्हा उघडली.

शास्त्र काय म्हणते? ग्रिच आणि फिंचॅम या दोघा संशोधकांनी 1990 साली मांडले, की मूल भांडण नुसते ऐकत नाही, त्याचा अर्थ लावते. आणि पुष्कळदा 'हे माझ्यामुळेच झाले' असा अर्थ लावते. 1991 साली एलिनॉर मॅकॉबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घटस्फोटित घरांतील किशोरवयीन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईबापांच्या मध्ये आपण अडकलो आहोत असे ज्यांना वाटे, ती मुले अधिक खिन्न व अधिक बिघडलेली आढळली. 2013 सालचा एक प्रयोग तर झोपलेल्या तान्ह्या मुलांवरचा आहे. ज्या घरांत भांडणे जास्त, तेथील बाळांचा मेंदू रागाचा स्वर कानी पडताच झोपेतही अधिक खळबळे. 'ते लहान आहे, त्याला काय कळते!' हे आपले लाडके वाक्य येथे कायमचे निकालात निघते.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते कमिंग्ज आणि डेव्हिस यांचे म्हणणे. त्यांचा ग्रंथ 1994 सालचा. त्यांच्या मते मुलाचा प्रश्न एकच असतो: हे घर टिकेल ना? म्हणून भांडण झाले की नाही, यापेक्षा ते कसे झाले आणि मिटले की नाही, याला अधिक महत्त्व. मिटलेले भांडण पाहून मुले सावरतात. अबोला हे मात्र मिटणे नव्हे, तेही भांडणच.

ही कसोटी हाती घेऊन महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' वाचावे. आमच्या पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेल्या या नाटककाराचे हे नाटक 1985 साली रंगभूमीवर आले. तात्याजी गेल्यानंतर धरणगावच्या देशपांड्यांत खर्चावरून, सोन्यावरून, वाड्यावरून जे धुमसते, त्याची चर्चा पुष्कळ झाली. 'सरंजामी घराचा ऱ्हास' हे शब्द आपण समीक्षक मंडळी पाठ म्हणतो. पण रंजू मास्तराबरोबर दागिने घेऊन पळते, पराग दारूला लागतो, हा केवळ ऱ्हासाचा देखावा आहे काय? मला वाटते, ज्या घरात एकही तंटा कोणी कधी मिटविलेला पाहिला नाही, त्या घरातील मुलांनी दिलेले ते उत्तर आहे. अंगणात गंजत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरसारखे तेथले प्रत्येक भांडण जागच्या जागी गंजते.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवा. 1934 पासून चार भागांत आलेल्या या आत्मकथनात काय कमी भांडणे आहेत? वडिलांच्या सोवळ्याने टांगणीला लागलेले माहेर. शीघ्रकोपी आणि पैशाचा हिशेब न राखणारा नवरा. आणि 1895 साली त्याने केलेले धर्मांतर. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या. त्या मुलाने सोसले नसेल असे कोण म्हणेल? तथापि ही बाई भांडण लपवीत नाही आणि समेटही लपवीत नाही. स्वतःची चूक सांगताना तिला हसू आवरत नाही. पुस्तकाचा विनोद म्हणून आपण जे वाखाणतो, ते माझ्या मते मिटविण्याचे सामर्थ्य आहे. टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे पत्नीने पूर्ण केले, आणि तिच्या आठवणींचा अपुरा राहिलेला शेवटचा भाग त्या दत्तूने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. याहून निराळा पुरावा कशाला हवा?

शास्त्राविषयी एक तक्रार मात्र नोंदवितो. या अभ्यासांत बहुतेक ठिकाणी आई, बाप आणि मूल एवढेच घर असते. आमच्याकडे भांडण बांधावरून दोन भावांचे असते, चुलीवरून सासूसुनांचे असते. त्याचबरोबर मुलाला कुशीत ओढणारी आजीही त्याच घरात असते. हे सारे त्या मोजपट्टीत पुरते मावत नाही. शिवाय, समेटाच्या गोष्टीने मारहाणीवर पांघरूण घालता येत नाही. हात उगारला जातो तेथे प्रश्न समेटाचा नसून रक्षणाचा असतो.

असो. दुसऱ्यांच्या पुस्तकांची झडती घेणाऱ्याने स्वतःचे घरही तपासावे. आम्ही दोघे भांडतो ते स्वयंपाकघरात, मुलीच्या देखत. आणि मिटवितो ते रात्री, ती झोपल्यावर. म्हणजे तिच्या वाट्याला प्रत्येक भांडणाचा केवळ पूर्वार्ध आला! गेल्या दिवाळीत फराळाच्या खर्चावरून असेच वाजले. "तुझ्या आईला सांग—" असे म्हणून मी थांबलो. मुलगी निरोप घ्यायला सवयीने उभी राहिली होती. ती सवय पाहून मला त्या मुलाची आठवण झाली. मी स्वतः उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि मुलीसमोरच म्हणालो, "चूक माझी होती." पत्नी म्हणाली, "मग ते चकलीचं पीठ तरी मळा."

मुलगी हसली. त्या दिवाळीतला तो सर्वांत चांगला आवाज होता.

सुट्टी संपल्यावर तो मुलगा सर्वांच्या आधी येऊन शाळेच्या फाटकाशी उभा होता. त्याच्या घरी मला काही करता आलेले नाही. वाचकहो, आपले घर मात्र आपल्या हाती आहे.